विण्याच्या काळातील गाय आणि वनौषधींचा खुराक

दुभत्या गायीच्या आजारपणाची वर्षभर नोंद ठेवली, तर त्यातला मोठा हिस्सा विण्याच्या आगेमागे गोळा झालेला दिसतो. विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे मिळून जे सहा आठवडे होतात, त्यांना पशुआहारशास्त्रात संक्रमण काळ म्हणतात. दुग्धज्वर, जार अडकणे, गर्भाशयाचा दाह, कितनबाधा म्हणजे किटोसिस, यकृतात चरबी साठणे, कासदाह ही सारी मंडळी याच काळात येते आणि बहुधा एकमेकांचा हात धरून येते. दुग्धज्वर झालेल्या गायीचा जार अडकण्याचा धोका वाढतो. जार अडकलेलीचे गर्भाशय दूषित होते, तिचे खाणे कमी होते आणि मग किटोसिस मागे लागतो. वनौषधींच्या पुड्या, बोलस (गिळवायच्या मोठ्या गोळ्या), काढे आणि द्रावणे यांची सर्वाधिक विक्री याच काळासाठी होते. त्यांतील कशाला किती आधार आहे हे ठरवायचे, तर आधी या सहा आठवड्यांत गायीच्या शरीरात काय घडते ते पाहावे लागते.

पहिली अडचण खाण्याची. पोटातले वासरू याच काळात झपाट्याने वाढत असते, तरी विण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात गायीचे खाणे उतरू लागते. ही घट कधी कधी तीस टक्क्यांपर्यंत जाते. विल्यावर दुधाची मागणी एकदम चढते आणि भूक मात्र तिच्या मागून हळूहळू येते. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. ही चरबी यकृतात पोचते. तिथे तिचे पूर्ण ज्वलन झाले नाही तर काही भाग यकृतातच साठतो आणि काहीचे कीटोन होतात. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट लिटरला १.२ मिलिमोलवर गेले की छुपा किटोसिस धरतात. दुसरी अडचण कॅल्शियमची. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन-चार ग्रॅम कॅल्शियम फिरत असते, आणि चिकाच्या दर लिटरबरोबर दोन ग्रॅमहून अधिक बाहेर जाते. दहा लिटर चीक काढला, तर रक्तात असते त्याच्या पाच-सहा पट कॅल्शियम एका दिवसात हाडांतून आणि आतड्यातून उभे करावे लागते. तिसरी अडचण प्रतिकारशक्तीची: विण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासूनच पांढऱ्या पेशींची झुंजण्याची ताकद मंदावते.

महाराष्ट्रातल्या गोठ्यांत बाळंत गायीला शिजवलेली बाजरी, गूळ, मेथी, शेपा, सुंठ, ओवा, हळद असे कोमट आंबोण देण्याची रीत जुनी आहे. घरातल्या बाळंतिणीला जे दिले जाते त्याचेच हे मोठे माप. ही रीत खिल्लार, डांगी, देवणी अशा गायींवर बसलेली आहे. दिवसाला दोन-चार लिटर दूध देणाऱ्या त्या गायीला कॅल्शियमची किंवा ऊर्जेची तूट अशी फारशी पडतच नव्हती. आता अहिल्यानगर, पुणे, सांगली, कोल्हापूर पट्ट्यातल्या दावणीला वीस-पंचवीस लिटर देणारी होल्स्टिन संकरित गाय उभी आहे. आंबोण तेच राहिले, पण त्याच्यावर पडणारे काम कित्येक पटीने वाढले. वनौषधींबद्दलची बरीचशी भाबडी श्रद्धा आणि बराचसा भाबडा तिटकारा, दोन्ही या एका बदलाकडे दुर्लक्ष केल्याने आलेले आहेत.

या आंबोणाचे विश्लेषण केले, तर त्यातली खरी कामाची वस्तू मसाला नसून कोमट पाणी, मीठ आणि शिजलेले धान्य ही आहे. वासरू बाहेर पडल्यावर पोटात मोठी पोकळी होते आणि गाय तहानलेली असते. अशा वेळी भरपूर कोमट पाणी पाजणे आधुनिक डेअरीतही रूढ आहे. तिथे त्यात कॅल्शियम प्रोपिओनेट किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. गुळाबद्दल मात्र गैरसमज फार. माणसाने गूळ खाल्ला की रक्तातली साखर वाढते, तसे गायीत होत नाही. गूळ आधी कोटीपोटातले सूक्ष्मजीव खातात आणि त्याची आम्ले करतात. त्यांतले ब्युटिरिक आम्ल पुढे कीटोनांतच रूपांतरित होते. थोडा गूळ चवीला आणि हुशारीला ठीक आहे, पण किटोसिसवरचा उपाय म्हणून किलो-दोन किलो गूळ चारला तर फायदा राहतो बाजूला आणि पोटात आम्लता होते. रोज तीनशे मिलिलिटरच्या आसपास प्रोपिलीन ग्लायकॉल तीन ते पाच दिवस पाजणे हा किटोसिसवरचा पडताळलेला उपाय आहे. वनौषधींच्या कोणत्याही पुडीची तुलना व्हायची ती त्याच्याशी.

भूक वाढवणारी चूर्णे हा बाजारातला सर्वांत जुना वर्ग. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, हिंग, काळे मीठ, किराईत, हिरडा ही त्यांची नेहमीची सामग्री; ‘बतीसा’ नावाने विकली जाणारी मिश्रणे याच घराण्यातली. कडू-तिखटाने लाळ सुटते आणि पोटाची हालचाल वाढते हे त्यामागचे तर्कशास्त्र. ज्या गायीने केवळ आंबोण सोडले आहे, तिला याने एखाद्या दिवसाची उभारी मिळते. पण भूक मेली आहे ती कॅल्शियम उतरल्याने, गर्भाशयातल्या संसर्गाने की यकृतामुळे, हे चूर्ण सांगत नाही आणि त्या कारणाला हातही लावत नाही.

दूध वाढवणाऱ्या वनस्पतींत शतावरी आघाडीवर आहे. तिच्या मुळांत शतावरीन नावाची स्टिरॉइडी सॅपोनिने असतात आणि पान्ह्याशी निगडित प्रोलॅक्टिनवर त्यांचा परिणाम होत असावा, असा अंदाज आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत करण फ्रीज या संकरित गायींवर आणि मुऱ्हा म्हशींवर शतावरीचे प्रयोग झाले, त्यांतल्या काहींत दूध वाढलेले आढळले. दर किलो वजनामागे रोज १०० मिलिग्रॅम ही अशा प्रयोगांत दिसणारी एक मात्रा. ४०० किलोच्या गायीला ती रोज ४० ग्रॅम पडते, म्हणजे दोन महिन्यांना जवळपास अडीच किलो मुळांची भुकटी. दुकानातल्या अनेक मिश्रणांत रोजची सगळी मात्राच ५० ग्रॅम असते आणि तीत शतावरीसह आठ-दहा वनस्पती कोंबलेल्या असतात. पाकिटावर शतावरीचे चित्र असते, आत तिचा वाटा चिमूटभर. जीवंती आणि मेथी या इतर दोन नेहमीच्या वनस्पती. मेथीदाण्यात प्रथिने भरपूर आणि थोडे तेलही असल्याने तिचा काही परिणाम औषधाचा नसून सरळ खाद्याचा असतो, ही गोष्ट प्रयोगांच्या निष्कर्षांत बऱ्याचदा हरवते.

दूध वाढल्याच्या दाव्याला आणखी एक मोठी खोच आहे. गाय विल्यानंतर पाच-सात आठवडे दूध आपोआपच चढत असते. विल्यापासून पुडी सुरू केली आणि महिन्यात दूध सात लिटरांनी वाढले, तर त्यातले पुडीचे किती हे शेजारी तशीच, त्याच वेताची, पुडी न दिलेली गाय असल्याशिवाय कळत नाही. बाजारातल्या अनुभवकथनांत ही शेजारची गाय कधीच नसते.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत पुस्तकी औषधिगुण सरळ लागू न होण्याचे कारण त्याचे कोटीपोट आहे. उंदरावर किंवा माणसावर जे दिसले ते गायीत दिसेलच असे नाही, कारण सॅपोनिने, सुगंधी तेले, टॅनिने, हळदीतील करक्युमिन यांना रक्तात पोचण्याआधी शंभरेक लिटरच्या त्या कुंडातून जावे लागते. तिथले सूक्ष्मजीव सॅपोनिनांची साखर तोडून टाकतात आणि काही आठवड्यांत त्यांना सरावतातही. म्हणूनच प्रयोगशाळेच्या बाटलीत पहिल्या दिवशी दिसलेला परिणाम गोठ्यात महिनाभराने विरून गेलेला आढळतो. टॅनिने थोड्या प्रमाणात प्रथिनांना कोटीपोटातल्या नासाडीपासून वाचवतात, जास्त झाली की पचनच अडवतात. विण्याच्या काळात आधीच खाणे कमी असताना ही दुसरी बाजू महाग पडते.

यकृताच्या बाबतीत पुरावा त्यातल्या त्यात सरस आहे. इटलीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मिल्क थिसल या युरोपीय काटेरी वनस्पतीच्या बियांतील सिलिमरिन विण्याच्या आगेमागे रोज १० ग्रॅम देण्यात आले. त्या गायी दुधाच्या शिखरावर इतरांपेक्षा लवकर पोचल्या. जर्मनीत २०१४-१५ च्या सुमारास दोन उल्लेखनीय प्रयोग झाले. एकात हिरवा चहा आणि हळद यांचा अर्क विण्याआधी तीन आठवड्यांपासून दिला गेला, दुसऱ्यात द्राक्षाच्या बिया आणि चोथ्याची भुकटी आहारात मिसळली. दोन्हींत दूध वाढले आणि यकृतातील ताणाशी जोडलेल्या काही जनुकांची हालचाल कमी झाली. चहा-हळदीच्या गटात यकृतातली चरबीही कमी भरली. द्राक्षाचा चोथा हा वायनरीतून निघणारा टाकाऊ माल आहे, त्यामुळे नाशिक भागाला यात रस वाटायला हवा. पण त्या कोरड्या भुकटीवरून उठून ओला, आंबलेला चोथा गाभण गायीपुढे टाकणे हा वेगळाच प्रयोग होईल.

भारतीय यकृतपूरकांत कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा, किराईत यांची मिश्रणे असतात. ओवा, आघाडा, कडुनिंब अशा वनस्पतींपासून ‘वनस्पतिजन्य कोलीन’ म्हणून तयार केलेली काही उत्पादने भारतात बनतात, आणि गंमत अशी की त्यांच्यावरचे बरेचसे काम मेक्सिकोतल्या संशोधकांनी केले आहे. यकृतातली चरबी बाहेर नेण्यास कोलीन मदत करते हे पक्के आहे, पण ते कोटीपोटातून सुखरूप पार पडेल अशा आवरणात द्यावे लागते. वनस्पतिजन्य कोलीनची कसोटी या आवरणबद्ध कोलीनशी लागते. अशा समोरासमोरच्या कसोटीत वनस्पती नेहमी टिकतात असे नाही. जर्मनीच्या फ्रीडरिष-लोफ्लर संस्थेत विण्याआधी जास्त अंग धरलेल्या गायींच्या एका गटाला मोनेन्सिन या प्रतिजैविकाची हळूहळू झिजणारी गोळी, तर दुसऱ्या गटाला सुगंधी तेलांचे मिश्रण दिले. मोनेन्सिनने किटोसिसला आवर घातला, तेलांचा मात्र काही परिणाम दिसला नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून बाद केली, त्यानंतर पर्याय म्हणून या तेलांचा बोलबाला सुरू झाला. पर्याय हवा होता म्हणून मिळालेली वस्तू पर्याय ठरतेच असे नव्हे.

जार पडण्यासाठी दिली जाणारी औषधे हा या साऱ्यातला सर्वांत खपाऊ आणि सर्वांत गोंधळाचा भाग आहे. गाय व्याली की गर्भाशय साफ होण्याचे द्रावण पाजायचे, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. खेडोपाडी बांबूचा पाला चारतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बंगळुरूच्या ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठाच्या सहकार्याने जे पारंपरिक पशुउपचार प्रसारात आणले, त्यांत जारासाठी पांढरा मुळा आणि भेंडी आहे. विल्यापासून दोन तासांत एक अख्खा मुळा चारायचा. आठ तासांत जार पडला नाही तर दीड किलो भेंडी चिरून गूळ आणि मिठाबरोबर द्यायची. बारा तासांनंतरही लोंबत राहिला तर मुळाशी गाठ मारून गाठीखाली दोन इंचांवर कापायचा, पण हात घालून ओढायचा नाही. यातली शेवटची सूचना सर्वांत मोलाची. जार हाताने ओढून काढण्याने गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि पुढचा गाभ लांबतो. ती सवय मोडण्यासाठी हातात मुळा आणि भेंडी दिली असेल, तर ते पथ्य म्हणूनही उपयोगी आहे.

मात्र जार का अडकतो याची समजूत गेल्या काही दशकांत बदलली आहे. गर्भाशय पुरेसे आकुंचन पावत नाही म्हणून जार अडकतो, अशी जुनी कल्पना. अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स येथे झालेल्या संशोधनातून दिसले, की ज्या गायींचा जार अडकतो त्यांच्या पांढऱ्या पेशी विण्याच्या आधीपासूनच मंद असतात. वासरू बाहेर पडल्यावर जार शरीराला परका ठरतो आणि या पेशींनीच तो सोडवायचा असतो. त्यांनी काम केले नाही तर आकुंचन कितीही वाढवले तरी जार सुटत नाही. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाचाही सरसकट उपयोग दिसत नाही तो यामुळेच. तेव्हा विल्यावर पाजलेल्या द्रावणाला वेळ निघून गेल्यावर हाक मारलेली असते. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि विण्याच्या क्षणी पुरेसे कॅल्शियम यांचे काम त्याआधीच्या आठवड्यांत व्हावे लागते. शिवाय निरोगी गायींपैकी बहुतेकींचा जार सहा-आठ तासांत आपला आपणच पडतो, आणि त्याचे श्रेय बाटलीला जाते.

दाह शमवणाऱ्या वनस्पतींबाबतही वेळेचा हाच प्रश्न आहे. विल्यानंतर प्रत्येक गायीत थोडाफार दाह असतोच आणि तो जास्त झाला की खाणे आणि दूध दोन्ही घटतात. म्हणून हळद, गुळवेल, विलोची साल यांच्याकडे लक्ष गेले. पण जार सुटण्याला त्या दाहाची गरजही असते. फ्लुनिक्सिनसारखे वेदनाशामक विण्याच्या ऐन सुमारास दिले तेव्हा जार अडकण्याचे प्रमाण वाढले. वनस्पती तितकी तीव्र नसेल. तीव्र असल्याचा दावा करणाऱ्या उत्पादनाला मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा.

कॅल्शियमच्या बाबतीत बहुतेक वनौषधी निष्प्रभ आहेत, आणि काही रिवाज तर उलटे पडतात. गाभण गायीला शेवटच्या तीन आठवड्यांत भरपूर लसूणघास आणि पातळ कॅल्शियम देण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्रास आहे. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते सोडवणारी यंत्रणा सुस्तावते, आणि विण्याच्या दिवशी एकदम मागणी आली की दुग्धज्वर होऊन गाय खाली बसते. आम्लधर्मी क्षार घातलेला विण्यापूर्वीचा खुराक आणि विल्याबरोबर कॅल्शियमचे बोलस हे त्यावरचे रुळलेले मार्ग आहेत.

कॅल्शियमबाबतच्या वनौषधींच्या या निष्प्रभतेला एक अस्सल अपवाद आहे, आणि तो दक्षिण अमेरिकेतला. अर्जेंटिनाच्या पाणथळ कुरणांत सोलॅनम ग्लॉकोफायलम नावाचे वांग्याच्या कुळातले झुडूप उगवते. त्याची पाने खाल्लेली गुरे रोडावतात, ताठरतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे चुन्यासारखी कडक होतात. तिथे या रोगाला ‘एन्टेके सेको’ म्हणतात. पानांत सक्रिय जीवनसत्त्व ड साखरेला बांधलेल्या रूपात असते, आणि ते कॅल्शियम आतड्यातून ओढून घेते. हेच गुण मोजून-मापून वापरले तर दुग्धज्वर टाळता येईल, या विचाराने स्वित्झर्लंडमध्ये या पानांचे बोलस तपासले गेले आणि युरोपात तशी उत्पादने आली. कोटीपोटातले सूक्ष्मजीव इथे नासाडी करत नाहीत, उलट साखर तोडून जीवनसत्त्व मोकळे करतात. एकाच वनस्पतीचे औषध आणि विष कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण गोठ्याच्या जगात दुसरे नाही. मात्रा चुकली तर अवयवांत चुना साठतो. देणे एकदम थांबले तर गायीचे स्वतःचे मूत्रपिंड जीवनसत्त्व बनवायला वेळ घेते आणि दुग्धज्वर काही दिवस उशिरा येतो. भारतात बागेत लावले जाणारे ‘दिन का राजा’ हे झुडूपही याच तऱ्हेचे विषारी गुण बाळगून आहे, म्हणून गोठ्याच्या कुंपणाला ते नसावे.

कासदाहाबाबत खाद्यातील वनौषधींपेक्षा बाहेरून लावण्याच्या लेपाचा अनुभव अधिक आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम हा दुग्धविकास मंडळाचा लेप आता अनेक दूध संघांपर्यंत पोचला आहे. गुळवेलीच्या अर्काचा कासेत थेट वापरही अभ्यासला गेला आहे. खाद्यातून दिलेली गुळवेल कासेपर्यंत कितपत पोचते, हा पुन्हा कोटीपोटाचाच प्रश्न.

या सगळ्या संशोधनाची मुख्य उणीव आकड्यांची आहे. समजा, एखाद्या वनौषधीने जार अडकण्याचे प्रमाण दहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर येते, म्हणजे धोका निम्मा होतो. हा फरक योगायोग नाही हे सांख्यिकीच्या रूढ कसोटीवर दाखवायला प्रत्येक गटात चारशेहून जास्त गायी लागतात. प्रत्यक्षातले बहुतेक प्रयोग गटाला सहा, दहा किंवा वीस गायींवर होतात. तेवढ्यात दुधाचा किंवा रक्तातल्या एखाद्या घटकाचा फरक कदाचित दिसेल. आजार टळल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यात मिश्रणात वीस वनस्पती असतील, तर परिणाम दिसूनही तो कोणाचा हे गुलदस्त्यातच राहते. चांगला आहार मिळणाऱ्या संशोधन केंद्रातल्या गायींवर जे दिसत नाही ते कडबा आणि सरकी पेंडीवर उभ्या गायीत दिसू शकते, पण तिथे पुडीऐवजी खनिज मिश्रण आणि हिरवा चाराच जास्त देऊन जातो.

धोके कमी आहेत, शून्य नाहीत. कळलावी प्रसूतीला वापरल्याचे उल्लेख जुन्या परंपरेत सापडतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असते आणि ते गायीला मारू शकते. खराब कांदे आणि लसूण ढिगाने चारले तर तांबड्या पेशी फुटून लाल लघवी होते. मेथी आणि लसणाचा वास दुधात उतरतो, आणि संकलन केंद्रावर दूध परत येण्याचे हे एक अगदी साधे कारण ठरते.

कायद्याच्या दृष्टीने ही उत्पादने दोन दगडांवर उभी आहेत. रोग बरा करण्याचा दावा असेल तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत जनावरांची औषधेही येतात आणि उत्पादन परवाना लागतो. त्याच वस्तूला ‘खाद्यपूरक’ म्हटले की ती या चौकटीतून निसटते. पशुखाद्याला आणि खनिज मिश्रणाला भारतीय मानके आहेत, तशी सक्रिय घटक मोजून देणारी मानके वनौषधी पूरकांच्या पाकिटावर क्वचित दिसतात. शतावरीच्या पोत्यात शतावरीन किती, हे मोजल्याशिवाय गेल्या वर्षीचा आणि यंदाचा माल एकच आहे असे म्हणता येत नाही. त्याच वंशातल्या दुसऱ्या जातींची मुळे त्यात मिसळलेली असू शकतात. हिमालयातली कुटकी तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. एका माणसाच्या औषधात ती मिलिग्रॅमने मोजतात, गायीच्या खुराकात ग्रॅमने. इतक्या प्रमाणात ती जंगलातून खणून पुरणारी नाही, आणि लागवडीचा माल अजून तेवढा निघत नाही.